कचऱ्यातला उजेड कोणाचा?

१

माझे वडील मुंबईत कचऱ्याच्या मोटारीवर बिगारी होते. माटुंगा लेबर कॅम्पातल्या आमच्या खोलीतून ते पहाटे हजेरीच्या चौकीवर जात, पाट्या उचलून मोटार भरत आणि ती देवनारच्या डम्पिंगवर ओतून परत येत. घरी आल्यावर आधी अंगावर पाणी घेत आणि मगच आम्हा मुलांना जवळ घेत. हे मी लाजून लिहीत नाही आणि मिरवण्यासाठीही लिहीत नाही. ज्या विषयावर लिहायला बसलो आहे, त्याच्याशी माझे नाते पुस्तकांच्या आधीचे आहे, एवढेच वाचकांना सांगायचे आहे.

१९६४ च्या सुमाराची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका रात्रपाळीला वडिलांनी मला मोटारीत बसवून देवनारला नेले. खाडीच्या कडेला कचऱ्याचे डोंगर काळेकुट्ट उभे होते आणि त्यांच्या फटींतून जागोजाग निळसर जाळ वर येत होता. कोणी पेटवलेला दिसत नव्हता, कोणी विझवतही नव्हते. मी घाबरून वडिलांचा हात धरला. ते हसून म्हणाले, "आग्या वेताळ हाय त्यो. गावाला हाडकीत दिसायचा, मेलेली ढोरं टाकायची तितं. आपल्या मागं मागं मुंबईला आलाय."

वडील निरक्षर होते. पण हे त्यांचे वाक्य मला कोणत्याही समाजशास्त्रज्ञाच्या वाक्याइतके खरे वाटते. गावातले मेलेले जनावर ओढायचे वतन ज्यांच्याकडे होते, त्यांच्याच वाट्याला शहरातला कचरा आला. जागा बदलली, पाटी बदलली, माणूस तोच राहिला. कुजण्याच्या जागी दिसणारा जाळही त्याच्याबरोबर आला.

पुढे शिकलो, नोकरीला लागलो, तेव्हा कळले की त्या वेताळाला शास्त्रात मिथेन म्हणतात. आणखी काही वर्षांनी वाचले की दूरदेशी तो नळीत धरून विकला जातो, त्याच्यावर यंत्रे चालतात, वीज होते. म्हणजे जे आमच्या अंगाला चिकटले म्हणून आम्ही अस्पृश्य ठरलो, त्याला आता बाजारभाव आला होता. घाणीला मोल नव्हते तेव्हा ती आमची होती. तिला मोल आले तेव्हा ती कोणाची झाली? हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नाही, इतिहासाचा आहे. त्या इतिहासाची काही पाने मला इथे उलगडायची आहेत.

२

१७७६ साली इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी अलेस्सान्द्रो व्होल्टा हा शास्त्रज्ञ दलदलीतला चिखल काठीने ढवळत होता. चिखलातून बुडबुडे येत, ते त्याने बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. वायू जळला. दलदलीचा हा वायू म्हणजेच मिथेन. झाडपाला, अन्न, कागद, विष्ठा, मेलेले शरीर, जे जे सजीवातून आले ते हवेशिवाय कुजू लागले की सूक्ष्म जंतू त्याचे आधी आम्लात आणि मग मिथेनमध्ये रूपांतर करतात. कचऱ्याचा ढीग उंच झाला की त्याच्या पोटात हवा पोचत नाही. मग तिथे हेच सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालू राहते. निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो.

हा वायू धरण्याची रीत ऐकायला सोपी आहे. ढिगात उभ्या विहिरी खणायच्या, भोके पाडलेल्या नळ्या त्यांत सोडायच्या, वर मातीचा आणि प्लास्टिकच्या चादरीचा थर द्यायचा आणि पंख्याने वायू ओढून घ्यायचा. मग त्यातले पाणी आणि गंधकाचा अंश काढून तो इंजिनात जाळायचा. दहा लाख टन कचऱ्यामागे सुमारे पाऊण मेगावॉट वीज असा अमेरिकेतला ढोबळ हिशेब आहे. इंजिन नसेल तर निदान मशालीसारखा जाळून टाकायचा. कारण न जळता आकाशात गेलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. शिवाय हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते आणि स्फोट होतो. १९९३ च्या एप्रिलमध्ये इस्तंबूलच्या उमरानिये भागात कचऱ्याच्या डोंगरात स्फोट झाला, डोंगर खालच्या झोपड्यांवर कोसळला आणि ३९ माणसे गेली. डोंगराखाली कोण राहत होते हे सांगायला नको.

आमच्या माणसांची या वायूशी ओळख आणखी जवळची आहे. मॅनहोलमध्ये उतरलेला कामगार आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही, तेव्हा तिथे हाच मिथेन प्राणवायूची जागा घेऊन बसलेला असतो आणि त्याच्या जोडीला विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. २०१३ साली हाताने मैला काढण्याविरुद्ध नवा कायदा झाला. त्यानंतरही गटारांतले मृत्यू थांबले नाहीत. प्रयोगशाळेत हा वायू मोजणाऱ्याचे नाव पुस्तकात येते. छातीत भरून घेणाऱ्याचे नाव फार तर पोलीस पंचनाम्यात येते.

३

घाणीतल्या वायूचा उपयोग करण्याच्या इतिहासात मुंबईचे एक पान आहे, आणि ते पान माझ्या जन्मस्थळापासून पायी जाण्याच्या अंतरावरचे आहे, हे मला फार उशिरा कळले.

१८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने बेघर कुष्ठरोग्यांसाठी माटुंग्याला आश्रम निघाला. आजचे वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच, म्हणून मराठी अभ्यासक त्यांना ओळखतात. या आश्रमात मैलापाण्याच्या बंद टाक्यांचा प्रयोग झाला. इंग्लंडमध्ये एक्झेटरला डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५ साली अशाच टाकीच्या वायूवर दिवे लावले होते. माटुंग्याला १८९७ च्या सुमारास टाकीतला वायू धरून दिव्यासाठी आणि इंजिनासाठी वापरला गेला. जगातल्या बायोगॅसच्या इतिहासात मुंबईच्या या कुष्ठाश्रमाचे नाव आजही सांगितले जाते.

ज्या माणसांना गावाने, घराने, देवळाने बाहेर काढले होते, त्यांच्या मैल्यातून उजेड निघाला. त्या काळी कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत. पण त्याच्या मैल्यातून निघालेल्या वायूवर यंत्र फिरले, तेव्हा त्या यंत्राला कोणी विटाळ मानला नाही. वायूला जात लागत नाही, जात माणसालाच लागते. या प्रयोगाची हकीगत लिहिणाऱ्या इंजिनिअरांची नावे मी वाचली. टाकी उपसणाऱ्याचे नाव मला कुठे सापडले नाही.

त्याच वर्षांत मुंबईत प्लेग होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला साथ सुरू झाली आणि लोक शहर सोडून पळू लागले. तेव्हाचे कमिशनर स्नो यांच्या अहवालातून एक भीती स्पष्ट दिसते: हलालखोर आणि बिगारी पळाले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. म्हणून जबरदस्तीच्या विलगीकरणाचा हात त्यांच्या बाबतीत आखडता घ्यावा लागला. ज्यांना शहर शिवून घेत नव्हते, त्यांच्याच दोन हातांवर ते उभे होते, हे सरकारनेच असे कबूल करून ठेवले आहे. ते ओझे कायद्यानेही पक्के केले होते. सफाई कामगाराने आधी सूचना न देता काम सोडणे हा गुन्हा होता. गिरणी कामगार काम सोडून गेला तर त्याची मजुरी बुडे, भंगी काम सोडून गेला तर तुरुंग समोर येई. मुंबईच्या म्युनिसिपल कायद्यात घरमालकांकडून घेतल्या जाणाऱ्या एका कराचे नावच ‘हलालखोर कर’ असे होते. कर त्याच्या नावाचा, पैसा तिजोरीचा.

प्लेगनंतर शहराचा कचरा दूर न्यायचा ठरले. देवनारची खाजण जमीन त्यासाठी घेतली गेली आणि १८९९ पासून कचऱ्याच्या आगगाड्या तिकडे धावू लागल्या. देवनारच्या डम्पिंगचा जन्म मात्र सहसा १९२७ सालचा सांगितला जातो. हे साल वाचताना मी थांबतो. १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण हाती घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या एकाच वर्षात एकीकडे आपण पाण्याचा हक्क मागत होतो आणि दुसरीकडे मुंबई आपल्यासाठी कचऱ्याचा कायमचा पत्ता लिहून ठेवत होती. हा योगायोग आहे, कोणी कट केला असे मी म्हणत नाही. पण व्यवस्थेला कट करावा लागत नाही. ती सवयीने चालते. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो याच सवयीविरुद्ध. माझे वडील त्या संघाची आठवण सांगताना पाठ सरळ करून बसत.

४

व्होल्टाच्या बाटलीपासून कचऱ्याच्या डोंगरापर्यंत यायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्दिस नावाचा श्रीमंतांच्या वस्तीचा टेकाड भाग आहे. तिथल्या डम्पिंगवर १९७५ साली कचऱ्याच्या वायूचा धंदेवाईक उपयोग प्रथम सुरू झाला. विहिरी खणून वायू काढला, स्वच्छ केला आणि गॅसच्या सार्वजनिक नळात सोडला. १९७३ च्या तेलटंचाईने अमेरिका हादरली होती, त्यामुळे ज्याला घाण म्हणत होते त्याच्याकडे इंधन म्हणून बघण्याची बुद्धी तिला झाली. पुढे १९७८ च्या कायद्याने वीज कंपन्यांना अशा छोट्या उत्पादकांची वीज विकत घेणे भाग पाडले, १९८० पासून करात सवलत मिळाली, आणि १९९६ साली मोठ्या डम्पिंगवरचा वायू धरणे सक्तीचे झाले. त्याच लॉस एंजेलिस परगण्यातल्या प्वेंते हिल्स या प्रचंड डम्पिंगवर १९८० च्या दशकात सुमारे ५० मेगावॉटचे वीजघर उभे राहिले. आज अमेरिकेत असे पाचशेहून अधिक प्रकल्प आहेत. म्हणजे ही गोष्ट होण्याजोगी आहे, हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. आपल्याकडे ती रखडली, त्याचे कारण निसर्गात नाही.

पण त्याच अमेरिकेचे दुसरे पान वाचल्याशिवाय हे पान पुरे होत नाही. १९७९ साली टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात नॉर्थवूड मॅनर या काळ्या मध्यमवर्गीयांच्या वस्तीत नवे डम्पिंग येणार होते. वस्तीने खटला गुदरला. त्या खटल्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी शहराच्या कचऱ्याचा नकाशा काढला. ह्यूस्टनमध्ये काळ्यांची संख्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, पण महापालिकेची पाचही डम्पिंग काळ्यांच्या वस्त्यांत आणि आठांपैकी सहा भट्ट्याही तिथेच. नकाशा खरा होता, तरी न्यायालयाने डम्पिंग थांबवले नाही. भेदभाव जाणूनबुजून केला हे सिद्ध झाले नाही, असे ठरले. ही भाषा आपल्याला नवी नाही. आपल्याकडेही गावकूस कोणी एकट्याने बांधले असे सिद्ध करता येणार नाही. तरी ते आहे, आणि आपण त्याच्या बाहेर आहोत.

५

दक्षिण आफ्रिकेतले डर्बन हे शहर दलित चळवळीच्या स्मरणात आहे. २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली. जातिभेद हाही जन्मावरून होणारा भेद आहे, तो जगाच्या व्यासपीठावर मांडला पाहिजे, म्हणून आपले प्रतिनिधी तिथे गेले. भारत सरकारने विरोध केला. ही हकीगत बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या शहरात हे चालले होते, त्याच शहरात बिसासर रोडवर कचऱ्याचा एक डोंगर उभा होता. त्याची हकीगत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही.

वर्णभेदी राजवटीने कायद्याने कोणती जात कुठे राहील हे ठरवले होते. क्लेअर इस्टेट हा भाग भारतीय वंशाच्या लोकांचा. १९८० साली तिथेच बिसासर रोडचे डम्पिंग सुरू झाले. ते बंद करण्याची आश्वासने दिली गेली आणि मोडली गेली. १९९४ साली गोऱ्यांचे राज्य गेले, काळ्यांचे सरकार आले, तरी कचरा येतच राहिला. डम्पिंगसमोर साजिदा खान नावाच्या बाई राहत होत्या. त्यांना स्वतःला कर्करोग झाला. आपल्या गल्लीतल्या रोगांचे मूळ या डोंगरात आहे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी हजारो सह्या गोळा केल्या, अर्ज केले, अपिले केली.

इकडे जगात नवा बाजार भरत होता. १९९७ च्या क्योटो करारान्वये श्रीमंत देशांना आपल्या धुराच्या बदल्यात गरीब देशांतला वायू विझवून श्रेय विकत घेता येणार होते. त्यालाच कार्बन क्रेडिट म्हणतात. त्या हिशेबात मिथेनचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या २१ टनांबरोबर धरला जाई. त्यामुळे कचऱ्याचा डोंगर म्हणजे सोन्याची खाण झाली. डर्बनच्या महापालिकेने बिसासर रोडसह तीन डम्पिंगांचा वायू धरून वीज करण्याची योजना आखली आणि जागतिक बँक क्रेडिटे घ्यायला पुढे आली. साजिदाबाईंनी अपील केले. वायूला भाव आला की डम्पिंग बंद करण्याची इच्छाच मरेल, असे त्यांचे म्हणणे. जागतिक बँकेने बिसासर रोड सोडून दोन लहान डम्पिंगांपुरताच व्यवहार केला. २००७ च्या जुलैत साजिदाबाई वारल्या. त्यानंतर बिसासर रोडवरची इंजिने सुरू झाली, साडेसहा मेगावॉटची.

इथपर्यंत हकीगत सरळ वाटते, पण ती सरळ नाही. डम्पिंगच्या दुसऱ्या कडेला केनेडी रोडची झोपडपट्टी होती. तिथले काळे लोक कचरा वेचून जगत. प्रकल्प आला तर काम मिळेल, मुलांना शिकायला पैसे मिळतील, अशी आशा त्यांना दाखवली गेली होती. त्यामुळे त्यांतले कित्येक प्रकल्पाच्या बाजूने होते. एकाला डोंगर हटायला हवा होता, दुसऱ्याचे पोट डोंगरावर होते. दोघेही वर्णभेदाने भाजलेले, आणि दोघांना एकमेकांसमोर उभे करून व्यवहार करणारे तिसरेच. आपल्याकडे हे दृश्य किती वेळा पाहिले आहे!

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट पुढेच आहे. २००१ साली, म्हणजे वंशवादाविरुद्धची परिषद भरली त्याच साली, डर्बनच्या महापालिकेने झोपडपट्ट्यांना वीज जोडून देणे बंद केले. झोपड्या कायमच्या नाहीत, म्हणून त्यांना वीज नको, असा युक्तिवाद. मेणबत्त्या आणि रॉकेलच्या चुलींनी झोपड्या पेटत राहिल्या. १९ मार्च २००५ रोजी केनेडी रोडच्या लोकांनी रस्ता अडवला आणि त्यातून झोपडीवासीयांची ‘अबाहलाली बासेमजोन्दोलो’ ही संघटना जन्मली. म्हणजे वेशीवरच्या कचऱ्यातून हजारो घरांची वीज निघत होती आणि वेशीवरच्या झोपडीत मेणबत्ती होती. तिथे कोणी अस्पृश्यतेचा शब्द उच्चारला नाही. त्याची गरजही नव्हती.

६

आता मुंबईकडे परत येतो. बोरिवलीजवळ गोराईला खाडीच्या काठी १९७२ पासून कचरा टाकला जात होता. सुमारे १९.६ हेक्टर जागेवर २३ लाख टनांच्या वर कचरा साठला. लोक न्यायालयात गेले आणि २००७ अखेर तिथे कचरा टाकणे बंद झाले. डोंगर उतरता केला, वर थर दिले, हिरवळ लावली, वायूसाठी विहिरी खणल्या. आशियाई विकास बँकेकडून पुढे मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटांपोटी पंचवीस कोटींच्या आसपास रक्कम आगाऊ आली. डम्पिंग शास्त्रीय रीतीने बंद करण्याचा हा देशातला एक पहिला मोठा प्रयत्न, आणि दुर्गंधी गेली हे खरे. पण वायू अंदाजापेक्षा कमी निघाला. आपला कचरा ओला असतो, तो लवकर कुजतो. उघड्या ढिगातला वायू झाकण घालण्यापूर्वीच उडून गेलेला असतो आणि पावसाचे पाणी विहिरींत भरते. अमेरिकेचा हिशेब गोराईला लागू पडला नाही. विजेऐवजी तो वायू मुख्यतः मशालीत जाळला गेला.

देवनारला तेवढेही झाले नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आत्या बीडकडून मुंबईला आली. तिच्यासारखे मराठवाड्यातले बौद्ध, मातंग, आणि नंतर उत्तरेकडचे गरीब मुसलमान देवनारच्या कडेने वसले. आत्याने तीस वर्षे त्या डोंगरावर काच, पत्रा, चिंध्या वेचल्या. मी तिला वायूविषयी सांगू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "मला नगं सांगूस लेकरा. पायाला चटका बसला की आमी समजायचो, हितं खाली जाळ हाय. तितं पाटी न्हाई ठिवायची." इंजिनिअर ज्यासाठी उपकरण लावतात, ते तिच्या तळपायाला कळत होते.

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात देवनार-गोवंडीचा एम-पूर्व विभाग सर्व विभागांत तळाला होता, निर्देशांक ०.०५. २०१६ च्या जानेवारीअखेर डोंगर पेटला. दिवसचे दिवस धूर शहरावर राहिला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांत तो दिसला. मुंबईने त्या आठवड्यात देवनारचे नाव प्रथमच गंभीरपणे घेतले, कारण धूर दक्षिणेकडेही गेला होता. त्यानंतर काय झाले? पहारा आला, भिंत आली, भंगारवाल्यांना अटक झाली, वेचणाऱ्यांची वाट बंद झाली. आत्या तेव्हा सत्तरीला टेकली होती. म्हणाली, "आमी पेटवला म्हणत्यात. सोताच्या पोटाला कुनी काडी लावतं व्हय?" मी असे म्हणत नाही की तिथे कोणी कधी काडी लावली नसेल. तांब्याची तार सोडवायला लोक रबर जाळतात. पण नव्वद वर्षांच्या कचऱ्यात भरलेला मिथेन कोणत्याही वेचणाऱ्याने आणला नव्हता. तो संपूर्ण मुंबईच्या ताटातून आला होता. पेटल्यावर गुन्हेगार मात्र शेवटचा माणूस ठरला.

आणि ज्यांना काम होते त्यांची कथा? कंत्राटी सफाई कामगारांना मुंबईत वर्षानुवर्षे ‘स्वयंसेवक’ म्हणत. कामगार म्हटले की हक्क आले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. बाबासाहेबांच्या कामगार संघानंतर ऐंशी वर्षांनी, माणसाला कामगार म्हणवून घेण्यासाठी देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जावे लागले.

७

मग कचऱ्यातला वायू धरू नये काय? धरलाच पाहिजे. स्फोट टाळायला, हवा वाचवायला आणि ऊर्जा मिळवायला तो धरलाच पाहिजे. आपल्या काही मित्रांना वाटते की असले प्रकल्प म्हणजे आपले दुःख विकणे. मला तसे वाटत नाही. विज्ञानाशी आपले भांडण नाही. बाबासाहेबांनी आपल्याला यंत्राला भ्यायला शिकवले नाही. यंत्र आले तर डोक्यावरची पाटी उतरेल, हीच त्यांची आशा होती. भांडण आहे ते पाटी तशीच ठेवून यंत्राचा नफा दुसरीकडे नेण्याशी.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकते याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांसारख्यांचा तिला आधार होता आणि तिच्यात बहुसंख्य दलित बाया होत्या. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्या हाती आले. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे बायोगॅसचे यंत्र तयार केले. स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ कार्यक्रमातून कचरा वेचणाऱ्या बायका अशी यंत्रे चालवायला शिकल्या. ओला कचरा डोंगरावर जाऊन कुजण्याआधीच टाकीत घालायचा, तिथेच वायू धरायचा, उरलेले खत वापरायचे. गोराईला जो वायू हातातून निसटला, तो इथे निसटत नाही. आणि ज्या बाईचा पाय भाजत होता, तिच्याच हातात नळाची चावी येते. तंत्र म्हणूनही हेच बरे आणि न्याय म्हणूनही हेच बरे. मात्र अशी यंत्रे थोडी आहेत आणि डोंगर मोठे आहेत.

२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने देवनार डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे ठरवले. २०२५ साली तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा खणून हलवण्याचे काम ठेक्याने काढण्यात आले. बंद झालेल्या डम्पिंगवर माणसे वसवण्यापूर्वी १५ वर्षे देखरेख हवी आणि वायू व झिरपणारे पाणी तपासून मगच निर्णय घ्यावा, असे २०१६ चे घनकचरा नियम सांगत होते. सरकारचे म्हणणे की कचराच हलवल्यावर वायू कशाला राहील? कदाचित राहणार नाही. पण हे कोण मोजणार, आणि ज्यांना तिथे राहायचे आहे त्यांना ते आकडे कोण दाखवणार? माटुंगा लेबर कॅम्प धारावीला लागूनच आहे. माझे वडील त्या कॅम्पातून रोज कचरा घेऊन देवनारला जात. आता त्यांच्या शेजाऱ्यांची नातवंडे, ज्यांचे कागद पुरे पडणार नाहीत ती, स्वतःच देवनारला पोचवली जातील असे दिसते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. डम्पिंगवरच्या वायूची मोजणी उघड करा आणि ती वस्तीच्या प्रतिनिधींसमोर करा. वायूतून वीज होत असेल तर तिची पहिली तार डोंगराखालच्या वस्तीत जाऊ द्या. विहिरी, नळ्या, इंजिने चालवण्याचे शिक्षण आणि कायम नोकरी प्रथम वेचणाऱ्यांच्या मुलांना द्या. आणि ते काम त्यांच्या जातीचे वतन होऊ देऊ नका. उद्या त्या मुलाला इंजिन सोडून महाविद्यालयात शिकवायला जावेसे वाटले तर दार उघडे असू द्या. शेवटची मागणी कागदावर सर्वांत सोपी आणि व्यवहारात सर्वांत अवघड आहे. कारण वतन फक्त जमिनीचे नसते, ते लोकांच्या डोक्यात असते.

वडील गेले त्याला बरीच वर्षे झाली. आत्याही गेली. आज देवनारच्या रस्त्याने जाताना मी संध्याकाळी एकदा डोंगराकडे बघतो. निळा जाळ आता क्वचित दिसतो, पण वायू आहेच. २०२४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या मिथेनच्या २२ मोठ्या ठिकाणांत देवनारचे नाव घेतले आहे. वडिलांचा वेताळ शेवटी सरकारी कागदावर चढला. ज्यांच्या मागे मागे तो मुंबईला आला, त्यांची नोंद त्या कागदावर अजून व्हायची आहे. ती आपल्यालाच करावी लागेल.